बाळाच्या मांडीवरची जांभळी सूज: 'आपोआप जाईल' म्हणून किती थांबायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय आणि घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आज ७५ दिवसांचा आहे. जन्मला तेव्हा डाव्या मांडीवर बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा फिकट जांभळट डाग होता. घरात सगळे म्हणाले, लास आहे. आईने कपाळावर तीट लावली तशी त्या डागाशेजारीही एक लावली, दृष्ट लागू नये म्हणून. सहाव्या आठवड्यात अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी हात थांबवला. म्हणाल्या, "ही मांडी त्या मांडीपेक्षा गरम लागतीया, आन् घट्ट बी. मी हितं चोळायची न्हाई." त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघून सांगितलं, हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची वाढ) आहे, दोन-तीन वर्षांत आपोआप जातो, काही करू नका. आम्ही निर्धास्त झालो.

पुढच्या चार आठवड्यांत मांडी फुगत गेली, रंग वांग्यासारखा झाला, कातडी ताणून चकाकायला लागली. दहाव्या आठवड्याची लस मुद्दाम उजव्या मांडीत द्यायला सांगितली, तर तिथलं रक्त अर्धा तास थांबेना. दुसऱ्या दिवशी पोटावर बारीक लाल टिपके. रक्त तपासलं तर प्लेटलेट ९ हजार. रातोरात मुंबईला आणलं.

इथे सांगतात की हा नेहमीचा हिमॅन्जिओमा नाही. नाव कापोसीफॉर्म हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा, आणि प्लेटलेट उतरल्या त्याला कासाबाख-मेरिट म्हणतात. सिरोलिमस आणि स्टेरॉइड सुरू केलंय. आमचे तीन प्रश्न आहेत. प्लेटलेट इतक्या कमी असताना त्या चढवायला डॉक्टर नको का म्हणतात? माझे मेहुणे आणि त्यांचे चार मित्र रक्तपेढीच्या दारात उभे आहेत. दुसरं, हा कॅन्सर आहे का? तिसरं, यातून गेलेलं कुणी इथे आहे का?

चाफेकळी

रानजाई, वाचून हात थरथरले. बाळ लवकर बरं होऊ दे. बहिणीच्या जेवणाकडे लक्ष ठेवा, अंगावर पाजतेय ती.

मीठभाकर

घाबरू नका. माझ्या मुलीच्या पाठीवर जन्मानंतर पंधरा दिवसांनी लालबुंद गाठ आली होती, टोमॅटोच्या फोडीसारखी. आम्ही काहीही केलं नाही. पाचव्या वर्षी शाळेत घातली तेव्हा फक्त थोडी सुरकुतलेली कातडी उरली होती. हल्ली डॉक्टर उगाच जोरदार औषधं देतात असं माझं स्पष्ट मत आहे.

तळ्याकाठी

मी लहान मुलांच्या रक्तविकारांची डॉक्टर आहे. बाळाला तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

पहिला प्रश्न. या गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि रक्तातल्या प्लेटलेट त्यांच्यात अडकून पडतात. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही काही तासांत तिथेच जातात, आणि गाठ आणखी फुगते, आणखी दुखते. म्हणून आकडा कितीही घाबरवणारा असला तरी प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हाच त्या देतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही गाठीत संपत असतं, ते फार उतरलं तर क्रायो (फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक) देतात. खरा उपाय गाठ आवरणं हाच. ती आवरली की प्लेटलेट आपल्या आपण वर येतात. मेहुण्यांना सांगा, त्यांचं रक्तदान दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

दुसरा. कॅन्सर जसा दूरच्या अवयवांत पसरतो तशी ही गाठ पसरत नाही. पण आजूबाजूच्या स्नायूंत, चरबीत, कधी हाडापर्यंत शिरते, आणि प्लेटलेट उतरल्या की जिवावर बेतू शकतं. त्यामुळे तुम्ही रातोरात निघालात ते अगदी बरोबर केलंत.

मीठभाकर, तुमच्या मुलीची गाठ वेगळी. लहानपणीचा साधा हिमॅन्जिओमा जन्मानंतर काही दिवसांनी उगवतो, पहिल्या तीन महिन्यांत त्याची बहुतेक वाढ होते आणि मग तो वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. रानजाईंच्या भाच्याची गाठ जन्मतःच होती, जांभळी आणि घट्ट होती, हाताला गरम लागत होती. नाव ऐकायला सारखं वाटतं, त्यातूनच घोळ होतो. डॉक्टरांचाही होतो.

गोदाकाठ

मीठभाकर, साध्या हिमॅन्जिओमातही सरसकट थांबून चालत नाही हो. माझ्या मुलीला खालच्या ओठावर होता. आजोबा कौतुकाने म्हणायचे, आमची राणी विडा खाऊनच जन्माला आली. दोन महिन्यांची असताना तो फुटला, जखम झाली. दूध ओढताना ती किंचाळायची आणि मी तिच्याबरोबर रडायचे. वाटीचमच्याने थेंब थेंब दूध पाजलेले ते अकरा दिवस मी विसरणार नाही. आम्हालाही आधी 'थांबा' असंच सांगितलं होतं.

मग प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. दोन दिवस दवाखान्यात ठेवून नाडी, रक्तदाब, साखर बघितली. आठवड्यात रंग उतरला. घरी एकच नियम होता: पोटात दूध गेल्याशिवाय औषध नाही. उलटी झाली, जुलाब झाले, पीत नसेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. नाहीतर साखर एकदम खाली जाते. फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'आधी दूध, मग औषध'. ती आता सहा वर्षांची आहे आणि विडा खरंच आवडीने खाते.

तळ्याकाठी

गोदाकाठ, +१. ओठ, डोळ्याजवळची जागा, नाकाचं टोक, लंगोटाची जागा, दाढी येते तो जबड्याचा भाग (तिथे असला की श्वासनलिकेतही असू शकतो), चेहऱ्यावर पसरलेला मोठा पट्टा, किंवा अंगावर पाच किंवा जास्त ठिपके: यांतलं काहीही असेल तर बाळ महिन्याचं व्हायच्या आत तज्ज्ञाला दाखवा. पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात, कारण तिथेही हिमॅन्जिओमा असू शकतात. यकृतातले मोठे असले तर ते थायरॉइडचं संप्रेरक खाऊन टाकतात.

मृद्गंध

आमच्या पुतणीचा हिमॅन्जिओमा दोन वर्षांत होमिओपॅथीने गेला. साबुदाण्याच्या गोळ्या, त्रास काही नाही. रानजाईंनी तेही विचारून बघावं.

उंबरठा

मृद्गंध, राग मानू नका, पण जो आपोआप जाणारच होता तो दोन वर्षांत गेला. या बाळाला दोन दिवसही नव्हते.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. एक प्रसंग सांगते. तीन महिन्यांची मुलगी, खांद्यावर लाल गाठ. कुणीतरी सांगितलं म्हणून आजीने त्यावर बिब्बा घातला. आली तेव्हा गाठीच्या जागी जखम होती, कडेला भाजल्यासारखे फोड, आणि फडकं बदलेपर्यंत रक्ताने भिजत होतं. गाठ साधीच होती हो, हात लावला नसता तर गेली असती. आजी कोपऱ्यात बसून डोक्यावर मारून घेत होती. मी तिला रागावले नाही. तिला जे माहीत होतं ते तिने मायेपोटी केलं. पण तेव्हापासून लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक आईला मी सांगायचे: लाल असो, जांभळं असो, वर बिब्बा नको, चुना नको, चटका नको, शेक नको, आणि चोळायचंही नाही.

म्हणून त्या अंघोळवाल्या मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हाताला कळलं.

शब्दवेल

थोडं अवांतर होतंय, पण मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे याला नीट शब्दच नाही. 'लास' म्हटलं की ती निरुपद्रवी जन्मखूण. 'गाठ' म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. 'रक्ताची गाठ' म्हटलं की गोठलेलं रक्त. ट्यूमरला 'अर्बुद' हा जुना शब्द आहे, मग 'वाहिनी-अर्बुद' म्हणावं का?

उंबरठा

शब्दवेल, शब्द छान आहे, पण बाळंतिणीला मी 'वाहिनी-अर्बुद' म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नसती. आम्ही 'रक्तवाहिन्यांची गाठ' म्हणायचो. 'कॅन्सर नाही' हे त्याच दमात.

तळ्याकाठी

नावांचा हा गोंधळ फक्त मराठीतला नाही. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये कासाबाख आणि मेरिट या दोन डॉक्टरांनी अशा एका बाळाची हकिगत छापली. तेही दोन महिन्यांचं, आणि त्याचीही डावी मांडी! त्यांनी त्या गाठीला हिमॅन्जिओमाच म्हटलं. त्यामुळे पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं साध्या हिमॅन्जिओमातही प्लेटलेट उतरू शकतात असं शिकवलं गेलं. कापोसीफॉर्म हे नाव १९९३ मध्ये आलं. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की प्लेटलेट खाणारी गाठ साधा हिमॅन्जिओमा नसतेच. ती कापोसीफॉर्म तरी असते, नाहीतर तिचीच सख्खी बहीण टफ्टेड अँजिओमा. साध्या हिमॅन्जिओमाच्या पेशींवर ग्लट-१ नावाचं प्रथिन असतं, या दोघींवर नसतं. पण प्लेटलेट इतक्या कमी असताना तुकडा काढणं धोक्याचं, म्हणून बऱ्याचदा एमआरआय, रक्ताचे आकडे आणि हाताला काय लागतं यावरूनच निदान करतात. कधी ही गाठ पोटाच्या मागच्या भागात असते आणि कातडीवर काहीच दिसत नाही. तेव्हा ओळखणं फारच अवघड जातं.

पन्हाळा

रानजाई, तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मी देतो. आम्ही यातून गेलोय. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. उजव्या गुडघ्याच्या वर होती. प्लेटलेट ६ हजारांपर्यंत गेल्या होत्या.

सुरुवातीला स्टेरॉइड आणि व्हिन्क्रिस्टिन दिलं. व्हिन्क्रिस्टिन दर आठवड्याला, छातीतल्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून. आकडे वर यायचे, परत पडायचे. मग सिरोलिमसवर आणलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तुमच्या बाळाला पहिल्यापासून ते मिळतंय, हे चांगलं आहे.

आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं ते सांगतो. औषध पातळ असतं, फ्रीजमध्ये ठेवायचं, सुईविना सिरिंजने मोजायचं. आमचा डोस सिरिंजच्या इतक्या खालच्या रेघेवर होता की मी खिडकीपाशी, उजेडाकडे धरून बघायचो आणि बायको परत बघायची. दोघांनी 'बरोबर' म्हटल्याशिवाय तोंडात नाही. रोज ठरलेल्या वेळी. रक्तातली पातळी तपासतात त्या दिवशी नमुना दिल्यावरच डोस द्यायचा, आधी नाही. एकदा आम्ही चुकून आधी दिला आणि दीडशे किलोमीटरची खेप वाया गेली. गल्लीतल्या दुकानात औषध मिळणार नाही. मूत्रपिंड बदलतात त्या दवाखान्याशेजारच्या औषधवाल्याकडे मिळतं, कारण त्या रुग्णांना तेच लागतं.

ताप आला की घरी बसायचं नाही. औषधाने प्रतिकारशक्ती दबते. तोंड यायचं अधूनमधून. पाहुण्यांना दारातच हात धुवायला लावायचो, काहींना राग आला, येऊ दिला.

पैशांचं: वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला यांच्या चार-चार प्रती जवळ ठेवा. आम्ही लाजलो आणि तीन महिने उशिरा गेलो.

आता खरं सांगायचं तर ती पूर्ण जात नाही. आमच्याकडे तळहाताएवढा तपकिरी डाग आहे आणि आत थोडा घट्टपणा. थंडीत सकाळी गुडघा आखडतो, रोज व्यायाम करून घेतो. मांडी घालून फार वेळ बसता येत नाही. पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची ठेवली की माझे वडील आपलं ताट घेऊन शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात, म्हणजे तो एकटा पडत नाही. सायकल मात्र सुसाट चालवतो.

रानजाई

पन्हाळा, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. "नऊ वर्षांचा आहे" एवढं ऐकलं आणि ती आठवड्यात पहिल्यांदा झोपली.

अटलांटिकपार

सिरोलिमसबद्दल एक गोष्ट सांगतो. वॉर्डात वेळ जात नाही, बहिणीला सांगा.

१९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. बेटावरची मातीही गोळा करून आणली. त्या मातीतल्या एका जिवाणूत बुरशी मारणारा पदार्थ सापडला. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून त्याला रापामायसिन म्हटलं. तेच सिरोलिमस. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत त्यावर राबणारे शास्त्रज्ञ होते सुरेंद्रनाथ सेहगल, आत्ताच्या पाकिस्तानात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्र शिकलेले. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली, काम थांबवलं. सेहगलांनी त्या जिवाणूच्या थोड्या कुप्या घरी नेऊन आपल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. कंपनीचे मालक बदलले तेव्हा त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला, आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत ते मंजूर झालं. या गाठींसाठी वापर त्यानंतर दहा-एक वर्षांनी सुरू झाला. त्या माणसाने कुप्या टाकून दिल्या असत्या तर?

गोदाकाठ

अंगावर काटा आला. आमच्या प्रोप्रॅनोलॉलचंही तसंच आहे. ते मूळचं हृदयाचं औषध. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी लिहिलं की नाकावर हिमॅन्जिओमा असलेल्या बाळाला स्टेरॉइडमुळे हृदयाचा त्रास झाला, त्यासाठी हे दिलं, तर दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलला. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं नाही.

मीठभाकर

वर मी जे लिहिलं ते मागे घेतो. मुलीची एक गाठ बरी झाली म्हणून मी सगळ्या गाठींबद्दल बोललो. तरी एक विचारतो: सिरोलिमस चालत असताना स्टेरॉइड कशाला? त्याचे दुष्परिणाम तर सगळ्यांना माहीत आहेत.

तळ्याकाठी

रास्त प्रश्न. सिरोलिमसला जम बसवायला वेळ लागतो, आणि कासाबाख-मेरिटमध्ये तेवढा वेळ नसतो. चीनमध्ये अशा ७३ मुलांवर अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. ३७ जणांना दोन्ही औषधं, ३६ जणांना एकटं सिरोलिमस. चौथ्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ३५ जणांच्या प्लेटलेट टिकून वर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या २४ जणांच्या. स्टेरॉइड थोडे आठवडेच देतात आणि पायरीपायरीने उतरवतात. मधेच आपल्या मनाने बंद करायचं नाही. बाळ चिडचिडं होईल, सारखं भुकेलं होईल, गाल फुगतील. ते ओसरतं.

अजून एक. सिरोलिमस चालू असताना बुरशीचं औषध किंवा काही अँटिबायोटिक घेतलं तर रक्तातली पातळी एकदम चढते. सर्दीतापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य 'बाळ सिरोलिमसवर आहे' हेच असू दे.

रानजाई (बारा दिवसांनी)

तुम्ही सगळे विचारत होतात. पहिले पाच दिवस आकडा हलला नाही. ९, ११, ८, १०, ९ हजार. मेहुणे रोज संध्याकाळी कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. सहाव्या दिवशी सिस्टरने गाठीच्या कडेला बॉलपेनने काढलेल्या रेषेच्या आत बोटभर मोकळी कातडी दिसली. आम्हाला आधी वाटलं रेषाच पुसली गेली. नवव्या दिवशी २६ हजार, आज ७१ हजार. मांडीचा घेर २७ सेंटिमीटर होता, तो २४ झालाय. सासूबाईंची शिवणाची टेप आम्ही घरून मागवून घेतली, कारण वॉर्डातली टेप रोज कुणीतरी नेतं. कातडीवर सुरकुत्या पडल्यात, फुगा उतरतो तशा.

त्या जुन्या डॉक्टरांवर बहीण चिडली होती. मीही. काल तिने त्यांना फोन केला, भांडायला नाही, सांगायला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एमआरआयचा अहवाल आणि फोटो पाठवा, मला बघायचंय. पाठवले.

उंबरठा

७१ हजार! आज देवापुढे साखर ठेवते.

शब्दवेल

'रक्तवाहिन्यांची गाठ'. उंबरठाताईंचाच शब्द चालू दे. माझा मागे घेतो.

रानजाई (सात महिन्यांनी)

धागा वर काढतेय. उष्टावण झालं. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, आणि साहेबांनी डाव्या पायाने वाटी उडवली. डाव्या! दोन्ही मांड्यांत आता टेपने दीड सेंटिमीटरचा फरक आहे. डाग फिकट विटकरी झालाय, दाबलं तर आत घट्ट लागतो. प्लेटलेट २ लाख ९० हजार. सिरोलिमस चालूच आहे, बराच काळ चालेल म्हणतात, पातळी दर महिन्याला. न्यूमोनियाच्या प्रतिबंधाचं औषधही चालू आहे.

डॉ. तळ्याकाठी, एक विचारायचंय. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिली आहे. अंगणवाडी सेविका दोनदा येऊन गेली, पुढच्या मंगळवारी परत येणार आहे. काय सांगू?

तळ्याकाठी

ती जिवंत विषाणूची लस आहे. सिरोलिमस चालू असेपर्यंत द्यायची नाही. तुमच्या डॉक्टरांकडून तसं पत्र लिहून घ्या आणि त्याची प्रत लसीच्या कार्डाला टाचा. बाकीच्या, जिवंत नसलेल्या लसी द्यायला हरकत नसते, त्यांची तारीख विचारून घ्या. घरातल्या इतर मुलांची गोवराची लस पूर्ण झालीय ना, ते आजच बघा.

रानजाई

माझ्या मोठीचा दुसरा डोस राहिलाय, आत्ता कार्ड काढून पाहिलं. मंगळवारी तिलाच घेऊन जाते.